थोरली, धाकटी आणि मावशीचा मांडा

दादा मार्केट यार्डात कांद्याच्या गोणी वाहायचे, आई लोकांच्या मळ्यात निंदायला जायची आणि घरात गोड म्हणजे गुळाचा खडा, त्या दिवसांत पंचवटीतल्या आमच्या चाळीत एकच श्रीमंत माणूस होतं : शेजारची मावशी. पैसा तिच्याकडेही नव्हता, हात होते. कळवणकडची ही बाई लग्नाकार्यात मांडे करायला जायची. पुरण भरलेली पोळी हातांवर घेऊन तळहात वर, तळहात खाली अशी झुलवायची, आणि पोळी वाढत वाढत कोपरापर्यंत आली की चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद सोडायची. फाटलेला मांडा पंगतीत चालत नाही, तो आम्हा पोरांचा. आम्ही देवाला म्हणायचो, आज एखादा फाटू दे. तिचा मांडा कधी फाटायचा नाही. मग ती स्वतःच फाडायची.

माणसाची पारख तोंडावरून करणं तिला मान्य नव्हतं. सून बघायला गेली की मुलीला म्हणायची, "बाई, मनगट फिरव बघू." त्यापायी दोन स्थळं हातची गेली, पण बाई बदलली नाही.

घराण्यात कॉलेजची पायरी पहिली मी चढले, फिजिओथेरपीला. हाडांची नावं डोक्यात राहीनात, तेव्हा मावशीनेच हात पुढे केला. "घे, याच्यावर शीक. कणीक लागंल थोडी." करंगळीकडची अल्ना कोपरात बिजागरीसारखी बसते आणि अंगठ्याकडची रेडियस तिच्यावरून फिरते, म्हणून तळहात उलटतो, असं मी तिचा हात चाचपत सांगितलं.

"म्हंजे थोरली जागची हलत नाय आन् धाकटीच पळती? घरोघरी तेच हाय!"

मी पदवीधर झाले आणि त्याच पावसाळ्यात मावशी मोरीत घसरली. थोरली, धाकटी, दोघी मोडल्या. प्लास्टर निघालं तेव्हा हात पेला धरल्यासारखा मध्येच अडकलेला; तळहात वर होईना.

"जेवता येतंय ना आजी? या वयात आणखी काय हवं?" डॉक्टर म्हणाले.

"जेवता कावळ्यालाबी येतं. मला वाढायचं हाय."

मग तिला मी ताब्यात घेतलं. कोपर कमरेला चिकटवायचं, लाटणं मधोमध मुठीत धरायचं आणि सावकाश फिरवायचं. मी घरी करायला सांगितलं होतं. ती लाटणं घेऊन गावभर हिंडली. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "आजी, वळण पुढं हाय, आत्ताच नका स्टेअरिंग फिरवू!" भाजीवाल्याने लाटणं बघून न मागता कोथिंबीर दिली. दुखायचं, डोळ्यांत पाणी यायचं. मी थांबायची. ती दटावायची, "माझ्याकडं काय बघती? धाकटीला सांग, तीच रुसलीय."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिने खापर मांडलं. पहिला मांडा घडी पडून चुलीत गेला. दुसराही गेला. आई म्हणाली, "राहू दे गं आता." मावशीने ऐकलं नाही. पुढचा मांडा उचलला, ओठ आवळले, आणि तळहात हळूहळू वर वळत गेला, पार आभाळाकडे. मांडा कोपरापर्यंत उतरला आणि अख्खा खापरावर पडला.

 तिने तो भाजला, उतरवला, थोडा वेळ नुसता बघत बसली. मग हातानेच टर्रकन फाडला.

"घ्या मॅडम, फाटला बघा."

चाळीतली पोरं तोवर मोठी होऊन पांगली होती. फाटक्या मांड्याला मी एकटीच होते. मी तो उभ्यानेच खाल्ला. मी बरा केलेला तो पहिला हात. तो पूर्ण वळला.