भागवतच्या कोडचा बांध

भागवत म्हणजे संशयाचं गाठोडं. बेलापूरचा, शेतकरी घरातला. आमच्या श्रीरामपूरच्या ऑफिसात दूध डेअऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. हुशार आहे, मी नाही म्हणत नाही. पण चहावाला जरा जास्त हसला तरी ह्याला वाटतं, ह्याच्या पोटात काहीतरी आहे. लहानपणापासून घरात एकच ऐकलेलं: शेजारी दर नांगरटीला आपला बांध वीतभर कोरतो.

त्यात खर्ड्याची अश्विनी नवीन लागली. टेबल भागवतच्या शेजारी. तिला कायम करायचं की नाही, हे मालक आप्पासाहेब त्यालाच विचारून ठरवणार होते. तिचे आईबाप मजुरीला जायचे, त्यामुळे ही नोकरी तिला काय होती ते वेगळं सांगायला नको.

ती आली आणि भागवतच्या कोडच्या ओळी सरकायला लागल्या. संध्याकाळी डावीकडून चार घरं, म्हणजे चार स्पेस, आत लिहिलेली ओळ सकाळी उघडावी, तर दोनच घरं आत.

"शुभांगी, कुणीतरी बांध कोरतंय," तो मला म्हणाला, तेही अश्विनीला ऐकू जाईल असं.

मग ह्यानं काय करावं? हद्दीला दगड रोवतात तशी कोडमध्ये मधेच एक ओळ टाकली, 'ही ओळ हलवू नये'. सकाळी दगडही सरकलेला. त्यानं पासवर्ड बदलला. आमच्यात बसून डबा खायचा बंद झाला. शेवटी आप्पासाहेबांना जाऊन सांगितलं, पोरगी भरवशाची नाही.

हे कळलं तेव्हा माझं टाळकंच सटकलं. अश्विनीला हाक मारली आणि तिच्यासमोर त्याला लॅपटॉप उघडायला लावला.

"नेट बंद कर. ओळ चार घरं आत घे. आता सेव्ह दाब."

त्यानं दाबलं आणि हात सवयीनं झाकणाकडे गेला. कुणी बघू नये म्हणून हा सेव्ह करतो आणि त्याच झटक्यात लॅपटॉप मिटतो. मी झाकण धरून ठेवलं. आमच्या डोळ्यांदेखत ओळ दोन घरं मागे सरकली, दगडासकट.

"कोण आलं रे आत?" मी विचारलं.

"माझ्या सेटिंगमध्ये ओळी आपोआप लावणं बंद आहे," असं म्हणत त्यानं मला दाखवलंही. खरंच बंद होतं. पण प्रोजेक्टच्या फोल्डरला स्वतःचं वेगळं सेटिंग असतं आणि चालतं त्याचंच. ते उघडलं. सेव्ह करताच कोड नीट लावणे: चालू. घरं: दोन. हे काम सुरू करताना भागवतनंच ते लिहिलं होतं. तेव्हा कोड लावणारा फॉरमॅटर मशीनवर नव्हता, म्हणून ते नुसतंच पडून होतं. अश्विनी आली त्या दिवशी दोघांच्या मशीनवर तो फॉरमॅटर टाकला, तोही ह्यानंच.

सेटिंग बंद केलं, ओळ पुन्हा चार घरं आत घेऊन सेव्ह केलं. ओळ जागची हलली नाही. भागवतचं तोंड एवढंसं झालं.

अश्विनी इतकंच म्हणाली, "सर, आमाला रानच न्हाई. बांध कोरायचं आमी कुठं शिकनार?"

तो उठला, आप्पासाहेबांकडे गेला आणि आपला शब्द मागे घेतला. अश्विनी कायम झाली.

दुसऱ्या दिवशी तिनं आपलं टेबल स्वतःच ओढत खिडकीकडे नेलं. दोघांच्या मधे आता माणूस जाईल एवढी जागा आहे. भागवत तिथून जाताना खाली बघून जातो. जाऊ दे तसाच.