एका पानाची जागा

मी लिहावे असे मला कोणी सांगितलेले नाही. तरीही लिहिते आहे, याबद्दल आधीच क्षमा असावी. पन्नाशी उलटल्यावर लेखनाला बसणाऱ्याने निदान संकोच तरी बाळगावा, एवढे शाळेने मला शिकवले आहे.

घाटकोपरच्या आमच्या मराठी शाळेत दरवर्षी एक हस्तलिखित निघे. बाई मुलांचे लेख निवडत आणि चांगल्या अक्षराच्या मुली ते जाड कागदावर उतरवून काढत. माझे अक्षर फार चांगले होते. आठवीत धीर करून मी स्वतःचा एक लेख बाईंच्या टेबलावर ठेवला. चाळीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांची कावळ्यांपासून राखण, असा त्याचा विषय. बाईंनी तो वाचला आणि कौतुकाने म्हणाल्या, "काय गं सुरेख अक्षर तुझं!" मग माझ्या मैत्रिणीचा निबंध माझ्या हाती देत म्हणाल्या, "हा उतरवून काढ."

त्यात दुष्टपणा नव्हता. बाई प्रेमळच होत्या. पण दहावीपर्यंत मी त्या मैत्रिणीचे निबंध उतरवत राहिले. वाक्ये सुचणारी माणसे वेगळी आणि ती नीटस लिहून देणारे आपण वेगळे, हे मनात इतके मुरले की पुढे नोकरीतही साहेबांची पत्रे मी समाधानाने टाइप करत आले.

यंदा शाळेची स्मरणिका निघते आहे. स्मरणिका समितीकडून लेख टाइप करून पाने जुळवण्याचे काम सवयीने माझ्याकडे आले. मैत्रिणीने शाळेनंतर काही लिहिले नव्हते. मीच तिच्या मागे लागले. अखेर तिचा लेख आला आणि पाठोपाठ फोनही.

"माझे सगळे रविवार खाल्लेस यार तू! वाचलास?"

"वाचला. छान आहे."

"नुसता छान? मुलाला वाचून दाखवला, तर म्हणतो, 'आई, तू लिहितेस?' स्मरणिकेत टाकतेयस ना गं?"

"जागा बघते."

"बघतेस काय, तूच तर मालकीण! आणि ऐक, अक्षर नीट काढ हं!"

ती मनापासून हसली. मीही हसले.

जागा एकाच पानाची उरली होती, आणि त्या पानावर मी आठवीनंतर प्रथमच लिहिलेला माझा स्वतःचा लेख आधीच बसवला होता. हे तिला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. तिने मधल्या सुट्टीविषयी लिहिले आहे. डब्याचे झाकण उघडले की कोणाच्या घरी पगार झाला ते वासावरून कळे, असे एक वाक्य त्यात आहे. मला तसे सुचत नाही. तरी मी पेन्सिल घेऊन तिच्या लेखातले दोष शोधत बसले. लेख लांबला आहे, असे समितीला कळवता येईल. ते खोटे नाही. पण माझे कारण ते नाही. दोन्ही लेख निम्मे करून पाहिले, तर दोन्ही लंगडे झाले. पान वाढणार नाही, असे छापखान्याने स्पष्ट सांगितले आहे.

उद्या सकाळी पाने छपाईला जातील. माझा लेख काढला, तर मी पुन्हा लिहायला बसेन याची मला खात्री नाही. तिचा काढला, तर तीही बसणार नाही. समितीतले कोणी मला काही विचारणार नाही, म्हणून तुम्हाला विचारते: तुम्ही कोणाचा लेख ठेवला असता?