राजा ‘मले’ म्हणाला

आमच्या सक्करदऱ्याचा पानठेलेवाला सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता एका शहराची गोष्ट सांगतो. ते शहर कुठंच नाही, पण त्याला उंच भिंत आहे. आत राजा आणि सरदार, बाहेर बाकीची दुनिया. वेशीवरचा पहारेकरी माणसाला नुसतं बोलायला लावतो. ‘मला’ म्हणणारा आत, ‘मले’ म्हणणारा बाहेर. लढाई आली की ठेलेवाल्याचा हात भरभर चालतो, म्हणून गिऱ्हाइकं लढाईची वाट बघतात.

“मी कुठं राहतो रे तुझ्या शहरात?” मी एकदा विचारलं.

“तुमी आतच, भाऊ. तुमी ‘मला’ म्हनता ना.”

माझी आई काटोलची, ‘मले’च म्हणणारी, पण माझं ‘मले’ ऑफिसात केव्हाच पुसलं गेलं. मला बरंच वाटलं.

परवा गोष्टीत शत्रू चालून आला. राजा बुरुजावरून गरजला, “मले कोनाची भीती नाही!”

मी लगेच पकडलं, “अरे, राजा ‘मले’ म्हणाला!”

त्याचा हात थांबला. तो लढाईत कधीच थांबत नाही.

“कायदा म्हंजे कायदा,” तो शेवटी म्हणाला. “राजाले बाहेर काढा लागते. आता रानी म्हने, मले बी जाऊ द्या. सरदार म्हने, आमाले बी.”

“मग आत कोण उरलं?”

त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. “तुमी, भाऊ. एकलेच.”

मी जन्मात खर्रा खाल्ला नव्हता. पण तोंडातून निघून गेलं, “मले बी एक खर्रा घोट गा!”