नंदूचं सुतार पक्ष्याचं पुस्तक

पुलगावला गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात माझा नवरा सामान चढवत होता, आई खिडकीच्या गजातून डबा आत सरकवायला बघत होती, आणि पोचल्यावर फोन कर, असं बाबा मला तिसऱ्यांदा सांगत होते. माझा धाकटा भाऊ नंदू बाबांच्या शर्टाचं टोक धरून उभा होता. तो बावीस वर्षांचा होता, पण समज पाच-सहा वर्षांच्या पोराची. त्याने एवढंच विचारलं, "ताई, आज वाचशीन ना?" आता बाबा वाचतील, असं मी सांगितलं. गाडी हलली. त्याचं पुस्तक माझ्या बॅगेत, लग्नातल्या साड्यांच्या घडीत होतं, आणि हे त्याला माहीत नव्हतं.

त्याचं म्हणते खरं, पण ते आधी माझं होतं. मी सात वर्षांची असताना बाबांनी वर्ध्याहून आणलेलं. लाल तुऱ्याचा सुतार पक्षी घरासाठी झाड शोधत फिरतो, प्रत्येक झाडावर चोचीने ठोकून बघतो, आणि शेवटी एका वाळक्या सागात त्याला जागा मिळते, एवढीच गोष्ट. नंदूला थोडं कळायला लागलं आणि ते पुस्तक त्याचं झालं. तसं माझं बाकीचंही त्याचंच झालं होतं: आईचा वेळ, बाबांची रविवारची सुट्टी, खिडकीजवळची खाट. बाबांनी नंतर सुतार पक्ष्याचीच आणखी दोन पुस्तकं आणली. एकात त्याच्या लांबलचक जिभेची माहिती होती, दुसऱ्यात पिल्लांची चित्रं. नंदू ती चाळायचा, पण संध्याकाळी वाचायला पहिलंच लागायचं. गोष्टीतलं झाड आलं की तो खाटेच्या लाकडावर बोटाने ठोकायचा, आणि त्याचं ठोकून झाल्याशिवाय मी पान उलटायचं नाही. किती वर्षं वाचलं असेन, सांगता येणार नाही. मी परीक्षेला बसले, नोकरी शोधली, स्थळं पाहिली, आणि रोज दिवे लागले की ते पुस्तक वाचलं.

निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना वाटलं, हे तरी माझं आहे. आणि ठेवून दिलं.

रायपूरला आम्ही तात्यापाऱ्यात एका दुकानाच्या वरची खोली घेतली होती. ह्यांची नोकरी उरला औद्योगिक वसाहतीत, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये. ते शिफ्टवरून आले की शर्ट पिळताना बादलीतलं पाणी काळं व्हायचं. चौथ्या दिवशी बाबांचा फोन आला. नंदू पुस्तक शोधून राहिला, म्हणाले. धान्याच्या कोठ्या उपसल्या, शेजारच्या घरात जाऊन गाद्या उलटवल्या, जेवत नाही. चुकून तुझ्या सामानात तर नाही आलं?

मी नाही म्हणाले.

त्या क्षणी हो म्हटलं असतं तर पोस्टाने पाठवता आलं असतं. पण नवीन घर, नवीन माणसं, खाली दुकानात सगळं हिंदी, आणि बॅगेत तेवढं एकच माझं. पुढच्या फोनला सांगू, असं ठरवलं. पुढच्या फोनला नंदू रडत होता, म्हणून सांगितलं नाही. मग सांगायला उशीर झाला होता.

त्याच्यासाठी मी इथल्या दुकानांतून कठफोड़व्याची, म्हणजे सुतार पक्ष्याचीच, दोन हिंदी पुस्तकं शोधली. छान होती, जाड पानांची, रंगीत. पार्सल केली. बाबांनी मराठीत करून वाचून दाखवली. नंदूने एक पान ऐकलं, पुस्तक मिटलं, आणि हा सुतार नाही म्हणाला. नंदू आता खाटेवर ठोकतही नाही, हे बाबांनी मला सहज सांगितलं.

पुढे सई झाली. आम्ही समता कॉलनीत आलो, मी एका दवाखान्यात रिसेप्शनला लागले. दिवसभर "भैया, परची दिखाइए", "दीदी, नंबर कब आएगा" एवढंच. सईला मी ते पुस्तक कधी वाचून दाखवलं नाही. लहान पोर, फोनवर मामाला सांगून टाकेल अशी भीती. ते लोखंडी कपाटात, सर्टिफिकिटांच्या खाली पडून राहिलं. पोट्टी आज अकरा वर्षांची आहे, मराठी कळतं, उत्तर हिंदीत देते. मी शाळेला दोष देते. घरात असलेलं एक मराठी पुस्तक तिच्यापासून मीच लपवलं, हे कुणाला सांगत नाही.

बाबा गेले. तीन वर्षांनी आईने अंथरूण धरलं, तेव्हा मी महिनाभर पुलगावला होते. एका दुपारी नंदू ओसरीत झोपला होता. मी आईचे केस विंचरत होते. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "पुस्तक तूच नेलं. मले तवाच समजलं होतं."

मी फणी खाली ठेवली. मग सांगितलं काहून नाही, असं कसंबसं विचारलं.

"नेलं त नेलं. तुलेबी काहीतरी पाहिजेच होतं."

मी तिची वेणी घातली. आठ दिवसांनी ती गेली.

नंदूला मी रायपूरला आणलं. पहिल्याच संध्याकाळी कपाट उघडलं आणि पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने कव्हरवरून हात फिरवला. सगळी पानं पाहिली, शेवटच्या पानावर थांबला, आणि मला परत दिलं.

"हे लहान आहे. माह्यं मोठं होतं."

मी त्याला त्याने सांडलेल्या चहाचा डाग दाखवला. त्याच्याच हातचा फाटलेला कोपरा दाखवला. मीच नेलं होतं, असंही सांगितलं, दोनदा. तो शांतपणे ऐकत होता, जसं पाहुण्यांचं ऐकतात. मला रडू आलं तसं त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रडू नको, ताई. भेटन." जणू पुस्तक माझंच हरवलं होतं आणि तो ते माझ्यासाठी अजून शोधत होता.

सई आता शाळेच्या लायब्ररीतून त्याच्यासाठी पक्ष्यांची पुस्तकं आणते. "मामा, ये देखो, कठफोड़वा," म्हणते, आणि तो मान डोलावून "हव" म्हणतो. मी स्वयंपाकघरातून ऐकते. वाचायला मला कुणी बोलावत नाही.

मागच्या दिवाळीनंतर पुलगावचं घर विकून टाकलं. सह्या करायला मी आणि नंदू गेलो होतो. परतताना शेजारच्या काकू फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी नंदूला विचारलं, "आता कुठी रे, बाबू?"

"घरी जाऊन राहिलो," तो म्हणाला. "रायपूरले."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चौदा वर्षांत मी इथून निघताना नेहमी "जाते तिकडे" असंच म्हणत आले होते. त्या दिवशी मीही म्हणाले, "हो काकू, घरीच." म्हटलं, नंदूचा हात धरला, आणि स्टेशनापर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पाहण्यासारखं तिथे आता माझं काही उरलं नव्हतं.