इलारियाचं अर्धं वाक्य

बोलिव्हियातल्या वायकीरी गावात, खाणकामगार संघटनेच्या थिएटरात सातुर्नीनो चोके चोवीस वर्षं ऑपरेटर होता. एवढ्या वर्षांत त्याने एकही सिनेमा धड पाहिला नाही. ऑपरेटरने पडदा बघायचा नसतो. त्याने दिवा बघायचा आणि मशीन ऐकायचं. खाणीचा पाळणा माणसं वर ओढू लागला की गावभरची वीज मंदावायची, पडदा पिवळा पडायचा. तेवढा वेळ दिव्यातल्या जळत्या कार्बनच्या कांड्या हाताने जवळ आणून धरायच्या. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की सातुर्नीनोचा हात आपोआप तिकडे जाई. खाली बसलेल्यांना कधी काही कळलं नाही. काम नीट झालं की ते कळत नाहीच.

चुकला तो एकदाच. ला पाझहून आमादेओ लारेआ नावाचा दिग्दर्शक आला होता. खाणीतल्या बायकांवर त्याने सिनेमा काढला आणि बोलल्याप्रमाणे पहिल्यांदा त्यांनाच दाखवायला आणला. सातुर्नीनोची बायको इलारिया त्यात याच थिएटरातल्या बाकावर बसून बोलली होती. ती पडद्यावर आली आणि नेमका भोंगा झाला. एक हात कांड्यांवर ठेवून सातुर्नीनो मशीनच्या खोलीच्या झरोक्यातून बघू लागला. मशीनला द्यायचे कान त्याने पडद्याला दिले.

"माझा नवरा वर बसून सगळ्या गावाला सिनेमा दाखवतो," इलारिया म्हणाली, "पण..."

पडदा पांढरा झाला. मशीन केव्हापासून खडखडत होतं, ते त्याला ऐकूच आलं नव्हतं. फिल्मच्या पट्टीच्या कडेची भोकं पाचेक मीटर फाटत गेली होती. खाली शिट्ट्या सुरू झाल्या. त्याने तेवढा तुकडा कापला, पट्टी जोडली, चार मिनिटांत सिनेमा पुढे चालू केला. पडद्यावर दुसरीच बाई बोलत होती.

घरी त्याने विचारलं, "पण काय?"

"तू मशीनपाशी होतास ना? मशीनलाच विचार," ती म्हणाली.

त्यानंतर देशात लष्कराची सत्ता आली. राजधानीतली मूळ पट्टी जाळली गेली. गावातली प्रत सातुर्नीनोने बंद पडलेल्या बोगद्यात पाच वर्षं लपवली. महिन्यातून एकदा जाऊन रिळं उलटून ठेवायची, बुरशी पुसायची. पुढे खाणच बंद झाली, मशीन भंगारात गेलं. इलारिया जाऊनही आता नऊ वर्षं झाली होती. मधल्या काळात लारेआची माणसं येऊन प्रत घेऊन गेली. कापलेला तुकडा तेवढा त्याने दिला नाही. चूक कबूल करायची लाज वाटली. तुकडा दुधाच्या पावडरीच्या डब्यात राहिला.

या ऑगस्टमध्ये लारेआ परत आला. थिएटराच्या दारावर कागद लागला: 'सिनेमाचं भविष्य आणि समाजाप्रती त्याचं कर्तव्य. चित्रपटकारांशी गप्पा. नंतर नवी केलेली प्रत.' सातुर्नीनो डबा घेऊन दुपारी दोनलाच पहिल्या बाकावर जाऊन बसला. तुकडा द्यायचा, त्यांनी तो जोडायचा, आणि 'पण'च्या पुढचं ऐकायचं. त्याला दुसरं काही नको होतं.

गप्पा दीड तास चालल्या. लारेआ म्हणाला, सिनेमा हा जनतेचा आरसा आहे. त्याच्याबरोबर हिमेना नावाची तरुण दिग्दर्शिका होती. ती म्हणाली, उद्याचा सिनेमा प्रत्येकाच्या खिशात असेल.

"माझ्या खिशाला भोक आहे, पोरी," मागून बटाटे विकणारी म्हातारी तेओदोसिया म्हणाली. "आणि कॉम्रेड, आरसा चाळीस वर्षं कुठे ठेवला होता? आम्ही तोवर म्हाताऱ्या झालो की!"

लोक हसले. लारेआही हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "दोष आमच्या एकट्याचा नाही. निष्काळजी ऑपरेटरांनी किती सिनेमे मारले! याच प्रतीत एक जोड आहे. एका बाईचं वाक्य अर्धं तोडलंय. आम्ही ते अख्खं दृश्यच काढून टाकलं."

सातुर्नीनो उभा राहिला. "तो जोड माझा," तो म्हणाला. "बोट फिरवून बघा, नखाला लागणार नाही. चूक जोडात नव्हती, आधी झाली. लक्ष नव्हतं माझं." त्याने डबा पुढे केला. "उरलेलं वाक्य यात आहे."



"कॉम्रेड, तुम्ही ही प्रत वाचवली, आम्ही ऋणी आहोत," लारेआ खाली येत म्हणाला. "पण काम संपलंय. पक्की प्रत युरोपात गेलीसुद्धा. आता एका वाक्यासाठी सगळं उघडायचं..."

"ती काय म्हणाली होती ते तरी आठवतं?"

लारेआने आठवून बघितलं. "किती बायका होत्या, ताता," गावात वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं तो म्हणाला.

हिमेनाने डब्याचा फोटो काढला. "हा आम्हाला द्या ना! ला पाझच्या प्रदर्शनात काचेत ठेवू. हाच खरा सिनेमा!"

"ऐकवाल?"

"ऐकवता येईल असं नाही. पण लोक बघतील."

सातुर्नीनोने झाकण दाबून बसवलं. दिवे मालवले गेले, नवी प्रत सुरू झाली. चित्र स्वच्छ होतं, एकदाही पिवळं पडलं नाही. ते चालवायला वर कुणी लागतही नव्हतं. इलारियाच्या जागी काही नव्हतं. जोडसुद्धा दिसला नाही.

घरी जाताना तेओदोसिया चढावर त्याच्याबरोबर होती. "'पण घरी आला की घोरतो', असंच म्हणाली असणार ती," ती म्हणाली. "नाहीतर तुमच्याबद्दल दुसरं म्हणणार काय, ताता?"

तो हसला नाही.

ऊन अजून होतं. त्याने हात धुतले, सुती फडक्याने पट्टी दोन्ही बाजूंनी पुसली आणि खिडकीपाशी धरून एकेक चौकट पुढे सरकवू लागला. कडेला आवाजाची नागमोडी रेघ होती, कुठे बारीक, कुठे फाटलेली. इलारियाचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, पुन्हा उघडत होतं. तो घाई न करता शेवटपर्यंत गेला. शेवटच्या चौकटीत तोंड मिटलेलं होतं आणि ती कॅमेऱ्याकडे नाही, वर त्याच्या झरोक्याकडे बघत होती.

वाक्य पूर्ण झालं होतं. त्याने पट्टी गुंडाळून डब्यात ठेवली.