जाफन्याला फोटो काढायला गेले आणि वऱ्हाडी झाले

लग्नांच्या फोटोंचा वीट आला म्हणून मी श्रीलंकेला निघाले. बडोद्यात, वाडी भागात माझा छोटा स्टुडिओ आहे. जाफन्यात वर्षानुवर्षं यादवी युद्ध चाललेलं. नुकतीच युद्धबंदी होऊन रस्ता खुला झाला होता. तिथली साधी माणसं, बाजार, न्हाव्याची दुकानं टिपायची, एवढाच बेत. शेजारचे जयेशभाई म्हणाले, "बेन, युद्धमां फरवा जवाय?" म्हणजे, युद्धात कुणी फिरायला जातं का? आईने उत्तर म्हणून थेपले बांधून दिले.

चेन्नईहून विमानाने कोलंबो, पुढे उत्तरेकडे बस. वाटेत आधी सैन्याने माझी बॅग उघडली, थोडं पुढे बंडखोरांनी तीच उघडली. थेपले दोघांनीही हुंगून पाहिले. तेवढ्यापुरतं एकमत! जाणाऱ्यांसाठी सूचना: कवटीचा लाल फलक म्हणजे सुरुंग. रस्ता सोडायचा नाही, कितीही घाईची लागली तरी.

जाफन्यात लॉज शोधू नका, घरगुती खोली स्वस्त पडते. मी राजेश्वरी टीचरांकडे उतरले. त्या निवृत्त शिक्षिका, इंग्रजी खणखणीत. सकाळी तांदळाच्या वाफवलेल्या शेवया आणि खोबऱ्याची झणझणीत चटणी वाढता वाढता त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे रोल किती?"

"भरपूर. का?"

"उद्या भाचीचं लग्न आहे. गावातल्या फोटोग्राफरचे रोल संपलेत."

घ्या! एवढा समुद्र ओलांडून पुन्हा "नवरी, जरा हसा!"

देवळाबाहेर नवरा-नवरीला उभं केलं, दोन-तीन फोटो काढले आणि एक जवान धावत आला. मागे सैन्याची चौकी होती, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्याने कॅमेरा उघडायची खूण केली. उघडला असता तर उजेड लागून आतला सगळा रोल, म्हणजे सकाळपासूनचं अख्खं लग्न गेलं असतं. नवरीच्या डोळ्यांत पाणी.

टीचर पुढे झाल्या, सिंहलीत शांतपणे काहीतरी बोलल्या. जवानाचे कान लाल झाले. त्याने आम्हाला भिंतीच्या दुसऱ्या बाजूला पिटाळलं आणि स्वतः चौकीकडे वळला.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, फोटो गेले तर लग्न पुन्हा लावावं लागेल. आमचा नवरदेव एव्हाना पळायच्या बेतात आहे. मग तुलाच बोहल्यावर चढवीन."

त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत मला नवरीशेजारी बसवलं आणि केळीच्या पानावर आग्रह करकरून वाढलं. टीचर निरोप देताना रडल्या नाहीत. "जाड झालीस," म्हणाल्या.

घरी आल्यावर आईसमोर फोटो पसरले. तिला साड्या आवडल्या, गजरे आवडले. वऱ्हाडाच्या ग्रुप फोटोशी मात्र ती थबकली. चष्मा पुसून पुन्हा पाहू लागली. म्हातारे, बायका, मुली, कडेवरची पोरं.

"अगं," ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या लग्नात नवरा सोडला तर एकही तरुण मुलगा नाही?"

फोटो मीच काढला होता. सगळे मावावेत म्हणून दाटीवाटीने उभंही मीच केलं होतं. मला ते दिसलं नव्हतं.

तो फोटो आता स्टुडिओत लावलाय. गिऱ्हाइकं विचारतात, "कुठलं लग्न?" मी सांगते, जाफन्याचं, आणि मग त्यांना जरा वेळ बघू देते.