आठ टेबलांचा डावा पाय

छोट्या कारखानदारांच्या संघात ताई सचिव होत्या. सचिव म्हणजे पत्रं टाइप करायची, हॉलची किल्ली सांभाळायची आणि दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी 'परिचय संध्या' भरवायची. हेतू उदात्त होता: कारखानदारांनी एकमेकांना ओळखावं, कामं द्यावीत-घ्यावीत. प्रत्यक्षात प्रत्येक जण माइकसमोर येऊन स्वतःचं नाव आणि यंत्रांची संख्या सांगे, भिंतीला पाठ लावून चार कार्डं वाटे, आणि चहाचा शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत जिन्यावर दिसे. दवाखान्यात नंबराची वाट बघणारी माणसंसुद्धा याहून जास्त बोलतात.

ताईंनी उपाय केले नव्हते असं नाही. एकदा फुग्यांचा खेळ ठेवला होता. अठ्ठावन्न वर्षांचे लेथवाले काका गुडघ्यांत फुगा धरून उभे, आणि जोडीला नेमका त्यांचा जावई! हा देखावा संघात अजून कुणी विसरलेलं नाही. काका तर मुळीच नाहीत.

यंदाचे अध्यक्ष साचे बनवणारे. केसाएवढी चूक धंद्यात खपवून घ्यायची नाही, ही सवय बोलण्यातही उतरलेली.

"ताई, या गुरुवारी सातच्या ठोक्याला हॉलमध्ये वीस माणसं दिसली तर उपक्रम चालू. नाहीतर बंद."

"आणि मी?"

"तुमची जागा याच उपक्रमासाठी आहे ना?" अध्यक्षांनी फाइल मिटली. चौदा वर्षांची नोकरी त्या फाइलबरोबर मिटल्याचा आवाज ताईंना स्पष्ट ऐकू आला.

ताईंच्या यजमानांचं केस कापण्याचं दुकान. तिथे बोलण्याचा कधी दुष्काळ नसे. घरी आल्या आल्या ताईंनी विचारलं, "अहो, तुमच्याकडे अनोळखी माणसं इतकी कशी बोलतात?"

"गळ्याला कापड बांधलं की पळता येत नाही. माणूस अडकला की बोलतो."

"मग मी काय कारखानदारांना कापडं बांधू?"

"त्यांचा पाय कशात अडकतो, ते तू बघ. गिऱ्हाईक तुझं आहे."

आणि ताईंना कार्यालयाच्या दाराची बिजागरी आठवली. मागच्या महिन्यात ती करकरली, तेव्हा घाईघाईने निघालेले लेथवाले काका पाऊण तास दारापाशी उकिडवे बसून ती दुरुस्त करत होते. बायकोचे तीन फोन आले, तरी हलले नाहीत.

गुरुवारी दुपारी ताईंनी खुर्च्या गच्चीवर पाठवल्या, माइक कपाटात कोंडला. हॉलभर आठ उंच टेबलं मांडली. मग दाराला आतून कडी लावली, दुकानातली खुर्ची आवळायचा यजमानांचा पाना पिशवीतून काढला आणि एकेका टेबलाखाली शिरून डाव्या पायाचा बोल्ट थोडा सैल केला. पाचव्या टेबलापाशी फोन वाजला. परत आल्यावर किती फिरवला होता ते आठवेना, म्हणून आणखी दोन फेरे दिले.

साडेपाचला माणसं आली. माइक नाही, खुर्च्या नाहीत हे बघून पहिल्यांदा गोंधळली, मग सवयीने भिंतीला लागली. पावणेसहा. सहा. एक टेबल डुगडुगलं, तर एकाने खाली कागदाची घडी सारली आणि पुन्हा भिंत गाठली. सव्वासहाला दोघं जिन्याकडे वळले.

तेवढ्यात अध्यक्ष चहाचा भलामोठा थर्मास दोन्ही हातांनी उचलून निघाले. थेट पाचव्या टेबलाकडे.

ताईंच्या तोंडून "नको" बाहेर पडायच्या आत थर्मास टेकला. टेबलाने मान टाकावी तशी एक बाजू टाकली. इकडून स्प्रिंगवाल्यांनी, तिकडून खोकेवाल्यांनी झेप घेऊन ते धरलं. थर्मास अध्यक्षांच्या पोटाशी.

"कुठल्या गाढवाने जोडलंय हे?" खोकेवाले ओरडले. "स्प्रिंग वॉशरच घातलेला नाही! मग बोल्ट सैल होणारच!"

"माझ्याकडे आहेत ना! गाडीत खोकंभर पडलेत," स्प्रिंगवाले म्हणाले.

"तुम्ही वॉशर बनवता?"

"अकरा वर्षं."

"अहो, मी दोन वर्षं नदीपलीकडून मागवतोय! सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं की. माइकवर. तुम्ही बिस्किट खात होता."

जिन्यावरचे दोघं परत फिरले. बाकीची टेबलंही डुगडुगतात हा शोध लागला, आणि मग कुणी कुणाला आवरेना. कोटांच्या बाह्या वर सरकल्या. कुणी पाना मागतोय, कुणी शिव्या घालतोय, दोघं लाकडावरून भांडतायत. "तुला लाकडातलं काय कळतं रे?" "तुझ्याहून जास्त! उद्या ये कारखान्यात, दाखवतो."

सात वाजले. ताईंना वीस माणसं मोजायची होती, पण निम्मी टेबलांखाली. त्यांनी बाहेर आलेले पाय मोजून दोनाने भागायला घेतलं, त्यात टेबलाचेही पाय धरले गेले. पुन्हा सुरुवात.

"थांबा," लेथवाले काकांचा आवाज आला. ते तिसऱ्या टेबलाखालून निघाले. "आठही टेबलं, प्रत्येकाचा डावाच पाय. बोल्टच्या डोक्यावर ताजे ओरखडे. हे आपोआप सैल झालेलं नाही."

आयुष्यभर बोल्ट ओळखणाऱ्या माणसांसमोर आपण बोल्टची लबाडी केली, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. ताईंनी पिशवीतून पाना काढून पाचव्या टेबलावर ठेवला.

"मीच केलं. थर्मास उलटला असता तर कुणीतरी भाजलं असतं. चूक माझी."

अध्यक्षांनी पाना उचलला, उलटसुलट करून पाहिला. "हा कशाचा?"

"केस कापायच्या खुर्चीचा."

"म्हणूनच ओरखडे. माप चुकीचं." त्यांनी घड्याळ पाहिलं. सात वाजून बावीस मिनिटं. "माणसं किती?"

टेबलांचे पाय धरून आलेला चौतीसचा आकडा ठोकून देता आला असता. ताई म्हणाल्या, "दोनदा मोजली. एकदा सव्वीस आली, एकदा टेबलं धरून चौतीस."

खोकेवाले मोठ्याने हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

"टेबलांना पुन्हा हात लावायचा नाही. कळलं? पुढच्या महिन्याची सूचना लिहून घ्या. कार्ड आणू नये. आपल्या कारखान्यात जे बिघडलंय आणि आपल्याला जमत नाही, ते घेऊन यावं."

ताईंनी शब्दन् शब्द उतरवून घेतला. "खाली सही कुणाची?"

"सचिवांची," अध्यक्ष पाना घेऊन पाचव्या टेबलाखाली वाकत म्हणाले. "आणखी कुणाची असते? आणि जरा उजेड धरा इकडे."